कडेवरचा घाव आणि चापाचे वजन

छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबाद किल्ल्यावर औरंगजेबाचे नाव कोरलेली मेंढा तोफ आहे. अशा तोफेच्या कानात, म्हणजे मागच्या बाजूच्या बारीक छिद्रात, रंजक म्हणजे पेटवणीची दारू भरून बत्ती दिली जाई, आणि रंजक दमट असली किंवा कान बुजलेला असला की तोफ मुकी राही. आग दारूपर्यंत पोहोचलीच पाहिजे ही अट आजही कायम आहे. बदलली ती आग पाडण्याची रीत, आणि त्या बदलाचा एक नमुना म्हणजे रिमफायर रिव्हॉल्व्हर.

रिमफायर काडतुसाला वेगळा प्रायमर, म्हणजे आघाताने पेटणारी टोपी, नसतो. पितळी पुंगळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ कडेत आघाताने पेटणारे मिश्रण ओले असतानाच पुंगळी वेगाने फिरवून पसरवतात. घोडा पडला की फायरिंग पिन ही कड चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या घराच्या, काठावर चिरडते आणि मिश्रण पेटून दारूला आग लागते. फ्रान्समधील फ्लोबेर याने 1845 च्या सुमारास या जातीचे काडतूस पुढे आणले, स्मिथ अँड वेसनने 1857 मध्ये त्यासाठी रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, आणि आज सर्वाधिक चालणारी 0.22 इंची लाँग रायफल ही जात 1887 ची आहे.

गोळी न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान तीस सेकंद थांबावे आणि तोवर सिलिंडर फिरवू नये, कारण उशिरा पेटलेले काडतूस नळीच्या रेषेबाहेर असताना फुटू शकते. पुढचे निदान पुंगळीवरच्या खुणेवरून होते. खूण खोल असूनही काडतूस पेटले नाही, तर त्या जागी मिश्रण पोहोचलेले नसावे. खूण उथळ असेल, तर घाव कमी पडतो: घोड्याला जोर देणारी मुख्य कमान सैल झालेली असते, पिन झिजलेली असते किंवा तिच्या वाटेत काजळी साचलेली असते. पहिल्या घावाला न उडालेले काडतूस दुसऱ्याला उडत असेल, तर बहुधा ते चेंबरमध्ये पुरते बसलेले नसते आणि पहिल्या घावाचा जोर त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो. दोष एकाच चेंबरला येत असेल, तर तिथला मळ पाहावा, किंवा रिकामा घोडा वारंवार पाडल्याने पिनेच्या माराने काठावर उठलेला कंगोरा शोधावा.

चापाचा प्रश्न याच कमानीशी बांधलेला आहे. चाप जड वाटतो म्हणून कमान ढिली केली, तर ओढ हलकी होते, पण घावही त्याच मापाने दुबळा होतो. चाप ‘सुधारल्यावर’ सुरू झालेल्या अनेक मिसफायरचे मूळ इथे असते. म्हणून जाणता कारागीर आधी जोराला हात न लावता घर्षण कमी करतो: जुने घट्ट झालेले तेल काढतो आणि घासणाऱ्या बाजू गुळगुळीत करतो. मात्र घोडा ज्या खाचेत अडकून राहतो तिची धार तो कानशीने खात नाही, कारण पोलादाचा कठीण थर अनेकदा वरवरचाच असतो, आणि तो गेला की चाप न ओढताही घोडा सुटण्याचा धोका उरतो. भारतात हे काम घरी करण्याचे नव्हेच. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो.

खेळानेही हलकेपणाला मर्यादा घातली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तो प्रकार रिमफायर काडतुसांचाच असून त्यात चापाची ओढ किमान 1000 ग्रॅम असावी लागते. नळी उभी धरून चापाला वजन अडकवून ती तपासतात. गोळी उडाली नाही तर नेमबाजाने हात वर करून पंचांना बोलवायचे असते, आणि त्याआधी यंत्रणा उघडली, तर दोष हत्याराचा असला तरी सवलत मिळत नाही. त्यामुळे मुरलेला नेमबाज सर्वांत हलका चाप मागत नाही; प्रत्येक वेळी त्याच वजनाला सुटणारा आणि मागे पुरेसा घाव राखणारा चाप मागतो.