नळी टाकली म्हणजे पाणी वाचलं?

जव्हार-मोखाड्यात उन्हाळी बागेला पाणी किती द्यावं, हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्याकडे पावसाला काय तोटा?’ तोटा नाहीच. वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि उतारावर माती उथळ, खाली कातळ. बरंचसं पाणी ओहोळांवाटे निघून जातं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. तेव्हा घरामागचा मोगरा असो की वाडीतली आंब्या-काजूची कलमं, फेब्रुवारीनंतर पाणी मोजूनच द्यावं लागतं.

यावर लोकांचं उत्तर तयार असतं: ‘ठिबक बसवलंय ना!’ सगळ्यात मोठा गैरसमज हाच. ठिबक पाणी वाचवू शकतं, पण वाचवतंय की नाही हे नळीकडे बघून कळत नाही. प्रत्येक झाडाखालची माती ओली दिसते. पण एका झाडाला 2 लिटर मिळालं आणि शेजारच्याला 4, तरी ती तशीच दिसते.

मोजायला फार काही लागत नाही. एक वाटी, मोबाइलमधलं घड्याळ आणि बाळाची दुधाची बाटली. तिच्यावर मिलीच्या खुणा असतात. ड्रीपरखाली खुरप्याने खळगा करून वाटी ठेवायची, 3 मिनिटं पाणी धरायचं आणि बाटलीत ओतून बघायचं. ताशी 4 लिटरच्या ड्रीपरने तेवढ्या वेळात 200 मिली द्यायला हवं. चार नळ्या निवडा, प्रत्येकीवर चार ठिकाणी मोजा: सुरुवातीला, शेवटी आणि मध्ये दोनदा. सोळा आकडे झाले. त्यातल्या सर्वांत कमी चारांची सरासरी काढून तिला सगळ्यांच्या सरासरीने भागा. उत्तर 90 टक्क्यांच्या वर आलं तर उत्तम. 70च्या खाली आलं तर त्या बागेत ठिबक फक्त नावाला आहे.

दोष कुठे आहे, तेही हेच आकडे सांगतात. मध्येच एखादा ड्रीपर कमी देत असेल तर तो तुंबलाय. प्रत्येक नळीचं शेवटचं टोक कमी देत असेल तर नळी फार लांब आहे किंवा टोकाशी गाळ साचलाय. आणि खालच्या अंगाची झाडं जास्त पीत असतील तर तो उताराचा प्रताप.

उतारावरून आणखी एक समजूत आठवते: टाकी मांडवावर चढवली की दाब मिळाला. 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो दाब, हा हिशेब. ठिबकला तेवढा लागतो, लहान फवाऱ्याला त्याहून जास्त. 3 मीटरवरची टाकी 0.3 किलोच देते. साध्या ड्रीपरमधून 4 ऐवजी जेमतेम सव्वादोन लिटर येतं. त्यात बाग 5 मीटर उतरती असेल तर खालचा ड्रीपर वरच्याच्या दीडपटीहून जास्त सोडतो. दाब सांभाळणारे महागडे ड्रीपर इथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांना मुळात किमान दाब लागतो. पंप नसेल तर नळ्या उताराला आडव्या टाकाव्यात आणि वरच्या-खालच्या पट्ट्यांना वेगवेगळे व्हॉल्व्ह द्यावेत.

‘मग थोडं जास्त वेळ चालवू’ हा उपाय दिसायला सोपा आहे. समजा 100 झाडं आहेत, प्रत्येकाला ताशी 4 लिटरचा एक ड्रीपर, आणि त्यातले 10 ड्रीपर निम्मंच देतात. त्या दहांसाठी पाणी एक तासाऐवजी दोन तास सोडलं, तर उरलेल्या 90 झाडांना 360 लिटर फुकट जातं. म्हणजे 15 लिटरचे 24 हंडे. ते डोक्यावरून आणणाऱ्या बाईला विचारा, तिला हा हिशेब कागदाशिवाय कळतो. तुंबलेले दहा ड्रीपर बदलायला तेवढा वेळही लागत नाही.

फवाऱ्यांची गंमत वेगळीच. धुक्यासारखा पांढरा फवारा लोकांना फार आवडतो. दाब गरजेपेक्षा जास्त असला की पाण्याचे असे बारीक कण होतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या बांधावर जातात. तपासायचं असेल तर सरळ काठाचे सारखे डबे बागेत पसरून ठेवा, पाव तास फवारे चालवा आणि प्रत्येकात पट्टी बुडवा. 1 मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. एका डब्यात 2 आणि दुसऱ्यात 6 मिलीमीटर भरलं तर फवाऱ्यांतलं अंतर, दाब किंवा तोटी यांपैकी काहीतरी बिघडलंय. मोजणी सकाळी करा आणि पाणीही सकाळीच द्या. दुपारच्या वाऱ्यात दोन्ही वाया.

गाळणी महिन्यातून एकदा धुतली की झालं, हेही खरं नाही. ओहोळाचं पाणी असेल तर ती आठवड्यातच बुजते. आणि नुसती गाळणी धुऊन भागत नाही. नळ्यांची टोकंही उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावं लागतं. पावसाआधी नळ्या गुंडाळून ठेवल्या असतील तर दिवाळीनंतर पुन्हा पसरताना पहिलं काम हेच. वाटी-बाटली त्यानंतर.