डीएनएचा सूक्ष्म वाहक
डीएनएचा रेणू पाण्यात असताना त्याच्या कण्यातील फॉस्फेट गटांमुळे दर बेसजोडीमागे दोन ऋणप्रभार बाळगून असतो, आणि पेशीचे पटलही ऋणप्रभारितच असल्याने, उपचारार्थ धाडलेले जनुक रक्तातील विकरांच्या तावडीतून निसटले तरी पेशीच्या उंबरठ्यावर अडून राहते. असे जनुक वाहणारे 5000 बेसजोड्यांचे प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे कडे, उलगडल्यास सुमारे 1.7 मायक्रोमीटर लांब भरते. ते 100 नॅनोमीटरच्या आसपासच्या कणात सुखरूप बसविण्यासाठी रसायनशास्त्राने ज्या तजविजी केल्या, त्यांत बहुवारिक मायसेलची, म्हणजे द्रावणात आपोआप जमणाऱ्या साखळी-रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्याची, तजवीज मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते.

साबणाचा मायसेल जलविरोधी शेपट्यांच्या बळावर जमतो. परंतु 1995 साली जपानमध्ये अत्सुशी हरादा आणि काझुनोरी काताओका यांनी घडविलेल्या मायसेलांत तो जमाव परस्परविरुद्ध प्रभारांच्या बळावर झाला होता. त्यांतील प्रत्येक साखळीचा एक खंड प्रभारित, तर दुसरा निष्प्रभार व जलप्रिय अशा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा असे. ऋणप्रभारी साखळीच्या जागी डीएनए घातला, की पॉलिलायसिनचा धनप्रभारी खंड त्यास बिलगून गाभा बनतो आणि ग्लायकॉलचे कवच बाहेरच्या मुलखापासून त्याचे रक्षण करते. 1999 साली याच दोघांनी दाखविले, की निरनिराळ्या लांबीच्या साखळ्या एकत्र मिसळल्या असताही सारख्या लांबीच्याच जोड्या निवडून मायसेल जमतात; निर्जीव रेणूंच्या अंगी असलेल्या या विवेकाने मी आजही थक्क होतो.

हे मीलन केवळ विद्युत् आकर्षणाने होते असे म्हणणे अपुरे ठरेल. डीएनएभोवती सोडियमसारखे लहान आयन दाटून असतात. बहुवारिक त्यांची जागा घेताच ते द्रावणात मुक्त होतात, आणि त्यांच्या मुक्ततेने वाढणारी एन्ट्रॉपी हीच या बंधनाची मोठी प्रेरणा असते, म्हणूनच द्रावणात मीठ वाढविले असता बंध सैलावतो. सुमारे नऊ दशांश प्रभार शमला, की एरवी ताठ असणारा डीएनए एकाएकी आक्रसून कड्यासारखा किंवा दांड्यासारखा होतो.

मिनेसोटा विद्यापीठात टेरेसा राइनेके आणि टिमथी लॉज यांनी निराळा मार्ग धरला: ज्याचे कवचच धनप्रभारी आहे असा मायसेल आधी तयार करून मग त्याची डीएनएशी गाठ घालावयाची. पेशीकेंद्रात 147 बेसजोड्या हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेल्या असतात, त्याच निसर्गरचनेची आठवण हा मार्ग करून देतो.

परंतु घट्ट बांधणे जितके सोपे, तितकेच योग्य स्थळी सोडणे दुष्कर. यासाठी गाभ्यात दोन गंधक-अणूंचे (डायसल्फाइड) पूल घालतात. पेशीबाहेर ते टिकतात, पण पेशीद्रवात असे पूल तोडणाऱ्या ग्लुटाथायोनचे प्रमाण रक्ताच्या अनेक पटींनी अधिक असल्याने तेथे ते तुटतात. मात्र त्यापूर्वी मायसेलास एंडोसोमच्या आम्लधर्मी पिशवीतून निसटावे लागते, आणि बहुतेक कण तेथेच अडकून पडत असल्यामुळे संशोधकांचे बरेचसे परिश्रम आज त्याच एका टप्प्यावर खर्ची पडत आहेत.