छातीतली कळ: गोळ्या, जाळी की बायपास?

या सदरात एरवी मी बियाणे, खते आणि कीड यांविषयी लिहितो. पण हल्ली बांधावर ॲन्जिओग्राफीचे कागदही दाखवले जातात. हृदयाची नळी सत्तर टक्के बंद म्हटले, की घरात पहिली चर्चा जमीन विकण्याची होते.

खरे तर टक्क्यांआधी विचारायचे ते हे, की दुखणे कोणत्या जातीचे आहे? बसल्या जागी छाती आवळून आली, कळ हातात वा जबड्यात गेली, घाम फुटला आणि दुखणे थांबेना, तर लगेच 108 ला फोन करा. ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. नळी पुरती तुंबून हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी तातडीने बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, जीव वाचवते. ती सोय लांब असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात.

पण चढावर, ओझे उचलताना दुखते, बसले की थांबते आणि कित्येक महिने तसेच चालले आहे, तर गोष्ट निराळी. अशा 5,179 रोग्यांवर झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासाचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. नुसत्या गोळ्या घेणारे आणि गोळ्यांबरोबर जाळी किंवा बायपास केलेले, दोन्हींकडे मृत्यू जवळजवळ सारखेच. छातीत दुखणे मात्र जाळी-बायपासवाल्यांचे जास्त कमी झाले. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार कमजोर झालेले रोगी यात नव्हते, हेही ध्यानात ठेवा.

असे का? आपल्याला लगेच पाटातला गाळ आठवतो, पण ही उपमा फसवी आहे. चरबी नळीच्या भिंतीच्या आत साठते. पुष्कळदा लहानशा साठ्यालाच चीर पडते, वर गुठळी धरते आणि झटका येतो. जाळी एका जागेपुरती. स्टॅटिन, ॲस्पिरिन, रक्तदाबाच्या गोळ्या साऱ्या नळ्यांना उपयोगी पडतात. मात्र खिशात तंबाखूची पुडी ठेवून गोळ्यांकडून फार अपेक्षा करू नये!

बायपास म्हणजे खरोखरच नवी चारी. अर्जेंटिनाच्या खेड्यात बारा वर्षे डॉक्टरकी केलेल्या रेने फावालोरो यांनी अमेरिकेत 1967 पासून पायाची शीर वापरून ही शस्त्रक्रिया रूढ केली. मुख्य डावी धमनी अरुंद झाली असेल, किंवा तीन नळ्या खराब होऊन हृदयही कमजोर असेल, तर तिचा विचार आधी होतो. मधुमेह असून अनेक नळ्या खराब असतील, तर जाळीपेक्षा बायपास सरस, असे 2012 च्या 'फ्रीडम' अभ्यासात आढळले. पक्षाघाताचा धोका मात्र तिच्यात थोडा अधिक होता. छातीचे हाड सांधेपर्यंत दोन-तीन महिने पोते किंवा फवारणीचा पंप उचलता येत नाही. पेरणी तोंडावर असेल, तर घरात आधी बोलून घ्या.

जाळीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून किंवा दात काढायचा म्हणून त्या परस्पर बंद केल्या, तर जाळीतच गुठळी होऊ शकते.

दुखणे स्थिर असेल, तर ॲन्जिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. जाळीच्या किमतीवर सरकारने 2017 पासून मर्यादा घातली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड घेऊन त्याला आधी भेटा, जमिनीचे गिऱ्हाईक मग पाहा.