ईर म्हणजे पाणी

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातील एका कोलाम पोडावरच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा भाषेची अडचण येईल असे स्वप्नातही आले नव्हते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. वऱ्हाडी मला येत होती. आणखी काय हवे?

पहिल्याच उन्हाळ्यात डोळे उघडले. पहिलीतला एक पोरगा भर दुपारी उठून म्हणाला, "ईर." वऱ्हाडीत विहिरीला 'इहीर' म्हणतात. मला वाटले, स्वारीला विहिरीवर उंडारायला जायचे आहे! मी दटावले. तो बसला, पुन्हा उठला, पुन्हा दटावले. शेवटी तो बसल्या जागी कलंडला, तेव्हा चौथीतली त्याची बहीण रडत म्हणाली, "बाई, तो पानी मांगते."

तांब्याभर पाणी पोटात गेल्यावर पोरगा सावरला. मला मात्र रात्रभर झोप नाही. पहाटे एक वही काढली आणि पहिल्या ओळीवर लिहिले : ईर – पाणी.

कोलामी ही द्राविडी भाषा. तेलुगूतला 'नीरु' आठवा. आरंभीचा 'न' गळाला की झाला 'ईर'. तिला स्वतःची लिपी नाही, पण अभ्यासक थोर लाभले. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी १९५० साली तिचे व्याकरण लिहिले, तर १९५५ साली एमेनो या पंडिताचा ग्रंथ अमेरिकेत निघाला. माझी गुरू मात्र त्या पोराची आजी. घर म्हणजे 'एल्ला', विस्तव म्हणजे 'किस', वाघ म्हणजे 'पुल', असे ती सांगे आणि मी देवनागरीत उतरवून घेई.

अंकांनी माझी परीक्षा पाहिली. हापशीवरच्या दोन बायकांकडे बोट दाखवून मी ऐटीत म्हटले, "इंदिंग." आजी पोट धरून हसली. "बाई, त्या बाया हायेत का गोटे?" दोन वस्तू 'इंदिंग', दोन पुरुष 'इद्दर' आणि दोन बायका 'ईरल'! मोजताना बायकांचा असा मान. पण 'तो' म्हणायला 'अम्द', आणि 'ती' व 'ते' दोन्हींना मिळून एकच 'अद'. बाई असो, गाय असो, घागर असो. आता यावर आम्ही बायकांनी रुसावे की हसावे?

एक गोष्ट मात्र अगदी आपल्या घरातली निघाली. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. हिंदी-इंग्रजीत हा भेद असा नाही. कोलामीत तो आहे : 'आम' म्हणजे आम्ही, 'नेंद' म्हणजे आपण. मराठीला ही देणगी द्राविडी शेजारातूनच मिळाली, असे बरेच भाषापंडित मानतात.

तो पोरगा माझ्याशी बोलू लागला, पण त्याच्या तोंडी नेहमी 'आम'. आम खेळतो, आम जातो. दिवाळीच्या सुट्टीआधी मात्र तो टेबलाशी आला आणि नाल्यावर केव्हा जायचे, असे विचारू लागला. त्यात 'नेंद' होते. ऐकण्यात चूक नको, म्हणून मी त्याला पुन्हा म्हणायला लावले.