पार्क: कुंपणापासून कट्ट्यापर्यंत

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क हा आमचा पत्ता सांगितला की गावाकडून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे बागेत राहता की काय?" इथे गोदामं आहेत, कारखाने आहेत, शाळा आहेत आणि आमच्यासारख्यांची घरंही आहेत. शिवाय गाडी 'पार्क' करायची असते, मुलांना 'पार्क'मध्ये न्यायचं असतं. एका शब्दाची ही तीन कामं! शिकवण्याची जुनी सवय स्वस्थ बसू देईना, म्हणून मूळ शोधलं.

मूळ अर्थ बाग नव्हेच. कुंपण घातलेली जागा. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला, तो राजे-सरदारांच्या शिकारीसाठी हरणं राखलेल्या रानाचं नाव म्हणून. लंडनचं हाइड पार्क १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने शिकारीसाठीच घेतलं. सामान्यांना तिथे प्रवेश मिळाला १६३७ मध्ये. हरणं गेली, माणसं फिरू लागली आणि पार्कची बाग झाली.

दुसरी वाट सैन्यातून गेली. छावणीत तोफा आणि गाडे एकत्र लावायच्या जागेलाही पार्क म्हणत. पुढे ते लावणं म्हणजेच 'पार्क करणं' झालं आणि तोफांच्या जागी मोटारी आल्या.

तिसरा अर्थ आमच्या पत्त्यातला. मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड घराण्याचं असंच हरणांचं रान होतं. १८९६ मध्ये ते विकलं गेलं, तिथे कारखाने उभे राहिले, पण नाव ट्रॅफर्ड पार्कच राहिलं. आपण अशा जागेला सरळ 'एमआयडीसी' म्हणतो! अरबी नावात मात्र पार्क नाही, 'मुजम्मा' आहे, म्हणजे एकत्र आणलेलं. आपले जमा, जमाव, जमाखर्च हे शब्द त्याच धातूचे.

आणि दादरचं शिवाजी पार्क? १९२५ मध्ये ते माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये नाव बदललं. ती ना बाग, ना कारखाना, ते मैदान. त्याच्या कडेच्या बुटक्या भिंतीचा लोकांनी कट्टा केला. जे कुंपण माणसं बाहेर ठेवायला जन्मलं, त्याच्यावरच माणसं गप्पा मारत बसली.

व्हिजिट व्हिसावर आलेले आपले आई-बाबा चार दिवसांत म्हणतात, "सगळं छान आहे गं, पण बोलायला कुणी नाही." त्यांना इथे पार्क मिळतं, कट्टा मिळत नाही. मुलांनी पार्कला 'उद्यान' म्हणावं असा माझा हट्ट नाही. पण कट्टा हा शब्द त्यांना यायला हवा, आणि तो पुस्तकातून येत नाही, बसून येतो. दिवाळीनंतर इथली हवा बसण्याजोगी होते. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवूया. आजी-आजोबांना घेऊन या, चिवड्याचा डबा मी आणते.