सूर्य नुतचा मुलगा की आजोबा?

लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, राजांच्या दरीत सहाव्या रामसेसची कबर आहे. तिच्या दफनकक्षाच्या छतावर आकाशदेवी नुत पाठीला पाठ लावून दोनदा रंगवली आहे. संध्याकाळी ती सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला जन्म देते. या चित्रात सूर्यदेव रा हा नुतचा मुलगा आहे.

हेलिओपोलिसची सृष्टिकथा मात्र वेगळं सांगते. आदिजलातून आतुम एकटाच वर आला. त्याने शू आणि तेफ्नुत हे जुळं निर्माण केलं. त्यांच्या पोटी पृथ्वीदेव गेब आणि नुत जन्मले, आणि या दोघांची मुलं म्हणजे ओसायरिस, आयसिस, सेथ व नेफ्थिस. आतुम हे सूर्याचंच रूप, म्हणजे तोच सूर्य इथे नुतचा आजोबा झाला.

दोन्हींपैकी एक चूक आहे असं समजून वंशावळ दुरुस्त करायला बसलं, तर काम कधीच संपत नाही. इजिप्तचा धर्म सुमारे 3000 वर्षं चालला. त्याला सगळ्यांना बांधून ठेवणारा एकच ग्रंथ नव्हता, आणि मोठ्या नगरांची आपापली दैवतं होती. सक्कारा इथे उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये इ.स.पू. 24व्या शतकातले मंत्र कोरलेले आहेत. ते राजाच्या मरणोत्तर प्रवासासाठी आहेत, त्यामुळे त्यांत कथा येते ती तुकड्यातुकड्यांनी. ओसायरिसची सलग गोष्ट आपण वाचतो ती बरीचशी प्लुटार्कमुळे. हा ग्रीक लेखक इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला.

मग नातं वाचायचं कसं? ते त्या ठिकाणी कोणतं काम करतं, हे आधी पाहावं. ओसायरिस पिता आणि होरस पुत्र, या नात्यावर राज्याचा वारसा उभा आहे. जिवंत राजा होरस असतो आणि मेल्यावर ओसायरिस होतो. त्याच्या जागी बसणारा नवा राजा पुन्हा होरस. नातं तेच राहतं आणि त्यातली माणसं दर पिढीला बदलतात.

सेथचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. आयसिस आणि ओसायरिस ही भावंडं आणि पतिपत्नीही, त्यामुळे त्यांचा भाऊ सेथ होरसचा काकाही लागतो आणि मामाही. पण जिथे देशाचे दोन भाग आणि त्यांचे दोन स्वामी असा विषय असतो, तिथे होरस आणि सेथ बरोबरीचे भाऊ म्हणून येतात. पाचव्या रामसेसच्या काळातल्या एका पपायरसवर या दोघांचा राज्यासाठीचा खटला लिहिलेला आहे. देवांच्या सभेत सेथची बाजू घेणारा त्याला होरसचा थोरला भाऊ म्हणतो, कारण थोरला असताना पोरसवदा मुलाला गादी का, असा त्याचा मुद्दा आहे. होरसच्या बाजूचा म्हणतो, पोटचा मुलगा असताना मामाला गादी कशी द्यायची? एकाच कथेत दोन नाती येतात, कारण युक्तिवाद दोन आहेत. लिहिणाऱ्याचा इथे गोंधळ झाला असं मी मानत नाही.

नगरांच्या देवकुटुंबांचं वाचन त्यामानाने सोपं आहे. थीब्जला आमुन, मुत आणि पुत्र खोन्सु; मेम्फिसला प्ताह, सेखमेत आणि नेफर्तेम. हाथोरपाशी मात्र थांबावं लागतं. एडफूला ती होरसची पत्नी आहे. तिथलं देऊळ इ.स.पू. 237 ते 57 या काळात बांधलं गेलं, आणि दरवर्षी देंदेराहून तिची मूर्ती नावेने होरसच्या भेटीला तिथे येई. देर अल-बहारीच्या देवळात ती गाय होऊन राजाला दूध पाजते, आणि राजा म्हणजे होरस, तेव्हा इथे ती त्याची आई. शिवाय ती रा-ची मुलगी आणि त्याचा डोळाही.

काही नाती तर कुटुंबाच्या शब्दांत मावतच नाहीत. राणी नेफर्तारीच्या कबरीत मेंढ्याच्या डोक्याची एक ममीरूप आकृती आहे, तिच्या दोन्ही बाजूंना आयसिस आणि नेफ्थिस. शेजारचा मजकूर सांगतो की रा ओसायरिसमध्ये विसावला आहे आणि ओसायरिस रा-मध्ये. रात्री ते एकत्र येतात, पहाटे सूर्य पुन्हा आपल्या वाटेने निघतो. जर्मन अभ्यासक हान्स बॉनेट यांनी याला एका देवाने दुसऱ्यात वस्ती करणं म्हटलं. आमुन-रा हे जोडनावही असंच समजून घ्यावं. आमुन आणि रा एकच, असं लिहिलं की दोघांची स्वतंत्र देवळं आणि पूजा यांचा हिशेब लागत नाही.

म्हणून मी लिहिताना शक्य तिथे नात्याच्या नामाऐवजी क्रियापद वापरतो आणि सोबत स्थळ-काळ देतो. ‘नुत ही रा-ची आई’ यापेक्षा ‘नुत रोज पहाटे सूर्याला जन्म देते’ हे अचूक. अनुबिसबद्दल ‘नेफ्थिसचा मुलगा’ एवढंच लिहून चालत नाही. प्लुटार्कच्या कथेत त्याला नेफ्थिस जन्म देते आणि आयसिस वाढवते, असं लिहावं. म्हणजे इतरत्र बास्तेत त्याची आई म्हणून भेटली, तरी पहिलं वाक्य खोडावं लागत नाही.