यादीत नसलेल्या उपकरणांचं दशक

२०११ च्या हिवाळ्यात अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका बंद घराची वीज गेली. पाइपांतलं पाणी गोठलं, पाइप फुटले आणि घराचं मोठं नुकसान झालं. ते घर ॲलेक्स हॉकिन्सन यांच्या कुटुंबाचं. घरी कुणी नसताना घराने निदान वीज गेल्याचं तरी कळवायला हवं, या गरजेतून त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘स्मार्टथिंग्ज’ सुरू केली. २०१२ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर अडीच लाख डॉलर मागितले, लोकांनी १२ लाखांहून जास्त दिले. २०१३ मध्ये पहिला हब, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र जोडणारी पेटी, घरोघरी पोचला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सॅमसंगने अख्खी कंपनी विकत घेतली.

ही हकिगत बऱ्याच ठिकाणी छापून आली आहे. मला जास्त मोलाची वाटते ती त्या हबमधली एक सोय, जिच्याबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही. कंपनीच्या यादीत नसलेलं उपकरण जोडायचं असेल, तर त्यासाठीचा कोड कुणीही लिहावा, ब्राउझरमध्ये चिकटवावा आणि वापरावा, अशी मुभा तिथे होती. भाषा ग्रूव्ही. कोडला म्हणायचं ‘डिव्हाइस हँडलर’. हबला न ओळखता आलेलं उपकरण यादीत नुसतं ‘थिंग’ म्हणून यायचं, ना बटण, ना आकडा. हँडलर चिकटवून त्या ‘थिंग’चा प्रकार बदलला की तेच उपकरण तापमान सांगू लागायचं, दार उघडल्याची वर्दी देऊ लागायचं. पुढची जवळजवळ दहा वर्षं हजारो घरं अशा परक्या माणसांनी फुकट लिहिलेल्या कोडवर चालली.

मुळात उपकरण यादीबाहेर राहतंच का? ही उपकरणं ज्यावरून बोलतात ते झिगबी हे तर प्रमाणित बिनतारी तंत्र. दिवा कसा लावायचा, तापमान कसं सांगायचं, सगळं ठरलेलं. तापमानाचा विभाग ०४०२, त्यातला शून्य क्रमांकाचा गुणधर्म म्हणजे मोजलेलं तापमान, आणि आकडा शंभरपटीत. लॉगमध्ये ‘०ए२८’ असं दिसलं की सोळाच्या पायातून दशमानात आणायचं. होतात २६००, म्हणजे २६ अंश सेल्सिअस. इथवर कुठलाही हब कुठल्याही सेन्सरशी बोलू शकतो.

खरी मेख यापुढे आहे. शाओमीच्या अकारा मालिकेतले छोटे सेन्सर आठवा. स्वस्त, देखणे, बटणाएवढ्या सेलवर दीर्घकाळ चालणारे. त्यांनी तापमान नियमाने सांगितलं, पण बॅटरीची अवस्था प्रमाणित जागी न ठेवता उपकरणाच्या मूलभूत माहितीच्या विभागात, ‘एफएफ०१’ नावाच्या स्वतःच्या खणात घातली. त्यावर शिक्का ‘मजकूर’ असा, आत मात्र मजकूर नव्हेच, आकड्यांची रांग. त्या रांगेत ‘०१’ आणि ‘२१’ यांच्यामागून ‘सी७ ०बी’ येतं. बाइट उलटे वाचायचे, ‘०बीसी७’, म्हणजे ३०१५ मिलिव्होल्ट. सेल ताजा आहे. हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं. लोकांनी लॉगमधल्या ओळी एकाखाली एक ठेवल्या, जुना सेल काढून नवा घातला, कुठला आकडा हलतो ते पाहिलं आणि अर्थ लावला. एकाने लावलेला अर्थ दुसऱ्याने तपासला, तिसऱ्याने दाराच्या सेन्सरला तोच लावून पाहिला. चिकाटीचं आणि उमद्या मनाचं काम होतं ते. माझ्या लेखी ते एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या कामाच्या तोडीचं आहे.

आयकियाने २०१७ मध्ये ट्रोडफ्री दिवे आणले तेव्हाही हेच झालं. गोल, पाच बटणांच्या रिमोटची मधली आणि वर-खालची बटणं प्रमाणित आज्ञा पाठवायची, डावं-उजवं बटण मात्र आयकियाचा स्वतःचा संकेत. इतर हबना त्या दोन बटणांचा पत्ताच लागेना. तोही लोकांनीच शोधला.

अमेरिकेत नोकरी करून पुण्या-मुंबईला परतलेल्या काही मंडळींनी स्मार्टथिंग्जचे हब सोबत आणले. झिगबीची २.४ गिगाहर्ट्झ लहर जगभर तीच, त्यामुळे बॅटरीवरचे सेन्सर इकडे निर्वेध चालले. झेड-वेव्ह या दुसऱ्या बिनतारी तंत्राची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ते ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतं, भारतात ८६५.२ वर. तिथे कितीही चांगला कोड लिहिला तरी उपयोग नाही.

स्मार्टथिंग्जच्या या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती आणि ती नंतर भोवली. लोकांनी लिहिलेला कोड घरातल्या हबवर चालतच नव्हता. तो चालायचा कंपनीच्या सर्व्हरवर. २०१५ च्या दुसऱ्या हबने काही कामं घरातल्या घरात करायला सुरुवात केली, पण ती कंपनीच्या स्वतःच्या कोडपुरती. तुम्ही चिकटवलेला हँडलर असेल तर दिव्याचं बटण दाबल्यावर निरोप समुद्रापार जाऊन परत यायचा. इंटरनेट गेलं की बटण मुकं.

दुसरी उणीव सुरक्षेची. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांच्या संशोधकांनी स्मार्टथिंग्जची ४९९ ॲप आणि १३२ हँडलर तपासले. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५५ टक्क्यांहून अधिक ॲपना गरजेपेक्षा जास्त अधिकार मिळत होते. दाराच्या कुलपाचा आकडा चोरून बाहेर पाठवता येतो, हे त्यांनी करून दाखवलं. परक्याचा कोड घरात घेताना वाचून घ्यावा, कुलपाच्या बाबतीत तर नक्कीच, ही गोष्ट तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा पटली.

याच काळात एकेक हब बंद पडत गेले. रिव्हॉल्व्ह २०१६ मध्ये, लोव्ज या दुकानसाखळीचा आयरिस मार्च २०१९ मध्ये. इन्स्टिऑनचे सर्व्हर तर एप्रिल २०२२ मध्ये कुणाला न सांगता गप्प झाले. आयरिसचे सेन्सर झिगबीचे होते म्हणून तरले, लोकांनी ते दुसऱ्या हबना जोडून घेतले. लोव्जने जाताना आपला कोड खुला केला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

क्लाउडला कंटाळलेल्यांसाठी २०१८ मध्ये हबिटॅट आला. भाषा तीच ग्रूव्ही, पण कोड घरातल्या हबवर. जुना हँडलर न्यायचा तर बऱ्याचदा ‘फिजिकलग्राफ’ हा शब्द जिथे जिथे असेल तिथे ‘हबिटॅट’ लिहायचं, थोडी डागडुजी करायची आणि काम झालं. अनेक लेखकांनी दोन्ही हबसाठी कोड सांभाळला.

२०२० मध्ये सॅमसंगने हब बनवणं एओटेक या कंपनीकडे सोपवलं. पाठोपाठ ग्रूव्ही बंद होणार हे ठरलं आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून ते खरोखरच बंद होऊ लागलं. त्याजागी आले ‘एज ड्रायव्हर’, लुआ भाषेतले आणि हबवरच चालणारे. लोक जे वर्षानुवर्षं मागत होते ते मिळालं, बटण दाबताच दिवा लागू लागला. त्याची किंमतही मोजावी लागली. ब्राउझरमध्ये चिकटवण्याची सोय गेली. आता ओळखपत्रांची फाइल वेगळी, उपकरणाच्या रूपाची वेगळी, कोड वेगळा. मग सगळं बांधून चॅनेलवर चढवायचं आणि हब त्या चॅनेलला जोडायचा. प्रोग्रामिंग हा व्यवसाय नसलेले हौशी लोक इथे गळाले. जुने हँडलर लिहिणारे कित्येकजण केव्हाच दुसऱ्या कामाला लागले होते, त्यांचा कोड नव्याने लिहायला कुणी नव्हतं. अशा उपकरणांच्या वाट्याला पुन्हा ‘थिंग’पण आलं. सॅमसंगचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता असंच मी म्हणेन. मात्र दशकभराच्या त्या श्रमांचा आणखी आदराने सांभाळ करता आला असता. जुनं संकलन जतन करणं अशक्य नव्हतं.

दरम्यान दुसरी वाट तयार झाली होती. पाउलुस स्खाउटेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं होम असिस्टंट आणि कून कांटर्स यांचं २०१८ चं झिगबी-टू-एमक्यूटीटी. दोन्ही खुली, दोन्ही घरातल्या संगणकावर चालणारी. इथे अनोळखी उपकरणासाठी छोटी फाइल लिहितात. ती आधी आपल्या घरी चालवून बघायची आणि जमली की मूळ प्रकल्पाला द्यायची. पुढच्या आवृत्तीत ते उपकरण सगळ्यांसाठी ओळखीचं होतं. स्मार्टथिंग्जच्या काळात एकाच सेन्सरचे पाच हँडलर पाच जणांकडे विखुरलेले असत. ती उधळण इथे थांबली, आणि माझ्या मते या दशकातली सगळ्यात मोठी सुधारणा तीच.

अडचणी संपल्या मात्र नाहीत. टुया या कंपनीच्या व्यासपीठावर बनलेली झिगबी उपकरणं बघा. रेडिएटरची झडप, पडद्याची मोटर, ओलाव्याचा सेन्सर, कितीतरी वस्तू स्वतःची ओळख ‘टीएस०६०१’ अशीच देतात. सगळा व्यवहार ‘ईएफ००’ या त्यांच्या खासगी विभागातून. खरी ओळख पटते ती उत्पादकाच्या संकेतावरून, आणि बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन वस्तूंचा तो संकेत वेगळा निघतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या सामाईक मानकामुळे दिवे आणि प्लग यांचा प्रश्न बराच हलका झाला, पण मानकात न बसणारं वैशिष्ट्य तिथेही उत्पादकाच्या स्वतःच्या खणातच जातं.

आपल्याकडचं एक उदाहरण आवर्जून सांगतो. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या ॲटमबर्गने आपल्या पंख्यांसाठी डेव्हलपर एपीआय उपलब्ध करून दिला. त्यामुळे होम असिस्टंटला पंखा जोडण्याचा कोड हौशी लोकांना अंधारात चाचपडत लिहावा लागला नाही. भारतीय बाजारात निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्मार्ट वस्तूंबाबत असा खुलेपणा दिसत नाही.

म्हणून हब घेताना दोन गोष्टी विचारून घ्या. यादीत नसलेल्या उपकरणाचा कोड मला स्वतःला टाकता येईल का? आणि इंटरनेट नसताना तो कोड चालेल का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ नसेल तर तो हब घेऊ नका. आणि इथल्या दुकानातून आणलेला एखादा सेन्सर ओळखला गेला नाही, तर तो खोक्यात परत टाकू नका. त्याचा मॉडेल क्रमांक, उत्पादकाचा संकेत आणि लॉगमधल्या चार ओळी खुल्या प्रकल्पाकडे पाठवा. कोड लिहिता येत नसला तरी चालेल, लिहिणाऱ्याला नेमकं हेच लागतं.